आकाशवाणी आणि आपली गाणी

विहाराच्या स्मरणिकेत रेडिओवर लेख कशाला, असे काही बांधवांना वाटेल. स्मरणिका समितीच्या बैठकीतही एक-दोघांनी तसे बोलून दाखवले. धम्मावर लिहा, बाबासाहेबांवर लिहा, रेडिओचं काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की बाबासाहेबांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले लिहितात. पण आपले गाणे सरकारी रेडिओवर केव्हा शिरले, कोणत्या दारातून शिरले, आपले सण तिथे किती मिनिटांचे झाले, याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेतले. जे वाचले आणि जे जुन्या माणसांच्या तोंडून ऐकले ते सांगतो. विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

१९२७ हे साल आपल्या पोरांनाही पाठ आहे. २० मार्चला महाडचे चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. या दोन्हींच्या मध्ये, ३ एप्रिलला, बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ मुंबईतून निघू लागले. आता चौथी तारीख ऐका. २३ जुलै १९२७ रोजी याच मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याआधी हौशी लोकांचे रेडिओ क्लब होते, पण नेमाने चालणारे केंद्र म्हणावे असे हे पहिले. महिनाभराने कलकत्त्याचे झाले. म्हणजे एका बाजूला आपली माणसे ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेत होती, आणि त्याच वर्षी त्याच मुलखात माणसाचा आवाज हवेतून जायला लागला होता.

हा आवाज आपल्यासाठी नव्हता, हे सांगायला नको. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचे लायसन. सेटची किंमत वेगळी. बदली कामगाराला दहा रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. सेट घेणारे गोरे साहेब, पारशी, भाटिये, मोठे वकील. एवढ्यावर कंपनी काही चालेना. १९३० च्या मार्चमध्ये ती बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने रेडिओ आपल्या हातात घेतला. कोणत्या खात्याकडे दिला? उद्योग व मजूर खात्याकडे! मजुरांच्या खात्याचा रेडिओ, फक्त मजुराच्या खोलीत तो नव्हता. ८ जून १९३६ ला त्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले.

इथे बोले ठराव आठवावा. रावबहादुर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पैशातून बांधलेले, सरकारी किंवा कायद्याने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला, पण पाणवठे खुले झाले नाहीत. म्हणून महाड घडले. आमचा मुद्दा एवढाच की सार्वजनिक पैशातून चालते ते सर्वांचे, ही गोष्ट पाण्याला लागू आहे तशी रेडिओलाही लागू आहे. हवेतल्या लहरी काही कोणाच्या बापाने विकत घेतलेल्या नाहीत. पण पाणवठ्यावर जसे आधी कोणाची घागर, मग कोणाची, असे ठरलेले असते, तसे मायक्रोफोनवरही ठरलेले होते. ते कोणी लिहून ठेवले नव्हते, इतकेच.

रेडिओ नव्हता तेव्हा आपले प्रक्षेपण बंद होते असे मात्र कोणी समजू नये. आपले केंद्र होते, त्याचे नाव जलसा. आधी सत्यशोधकांचे जलसे झाले आणि त्यातूनच पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले. सांगाडा तमाशाचाच, गण, गवळण, बतावणी, वग. पण आतला माल बदललेला. गणात देवदेवतांऐवजी माणसांना वंदन, गवळणीच्या जागी पाणवठ्याचा, शाळेचा, दारू सोडण्याचा विषय. भीमराव कर्डक आणि त्यांच्या मंडळींनी १९३० नंतर नाशिक जिल्ह्यातून हे जलसे गावोगाव नेले. पेट्रोमॅक्सची बत्ती, एक ढोलकी, एक पेटी आणि पहाटेपर्यंत बसलेली माणसे. लायसन नको, वीज नको. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंतही बाबासाहेबांचा निरोप पोचत असे. वामनदादा कर्डक याच परंपरेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, १९२२ चा जन्म, मुंबईत मिळेल ती मजुरी केली, अक्षरओळखसुद्धा मोठेपणी झाली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. २००४ साली ते गेले. आज महाराष्ट्रात वामनदादांचे एकही गाणे ऐकले नाही असे बौद्ध घर सापडणार नाही. हे काम रेडिओने केलेले नाही. माणसांनी माणसांना शिकवून केले.

स्वतः बाबासाहेब मात्र रेडिओचे महत्त्व ओळखून होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हिंदी कामगाराने हे युद्ध जिंकण्याची इच्छा का धरावी यावर त्यांनी रेडिओवरून भाषण केले होते. ३ ऑक्टोबर १९५४ चे आकाशवाणीवरचे भाषण तर प्रत्येकाने वाचावे असे आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आपले तत्त्वज्ञान आहे, पण ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. दीक्षेला अजून दोन वर्षे होती! आणि मे १९५६ मध्ये बीबीसीवरून त्यांनी आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितले. म्हणजे बाबासाहेबांचा आवाज लंडनहून निघत होता, आणि आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीचा आवाज चर्चगेटच्या स्टुडिओपर्यंत पोचत नव्हता.

का पोचत नव्हता? इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर, म्हणजे आपल्या पेटीवर, बंदी घातली. कारण असे की पेटी परदेशी वाद्य आहे, तिचे सूर ठोकळ्यासारखे बसवलेले असतात, आपल्या रागांतल्या श्रुती आणि मींड तिच्यात निघत नाहीत. रवींद्रनाथ टागोरांसारखा थोर माणूसही पेटीच्या विरोधात होता. ही बंदी १९७१ साली सैल झाली. तीस वर्षे!

रागदारीपुरते ते कारण खरेही असेल, त्यात आम्ही पडत नाही. पण आपल्या वस्तीत काय होते? सारंगी वाजवणारे घराण्यातले, त्यांची बिदागी वेगळी. तंबोरा आणायचा तर तो ठेवायला खोलीत जागा पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपतात, तिथे पेटी खाटेखाली सरकते. वर्गणीतून एक पेटी घेतली की चाळीतली वीस पोरे तिच्यावर सूर शिकत. भजन तिच्यावर, कव्वाली तिच्यावर, जयंतीची गाणी तिच्यावर. जुने लोक सांगत की एका गायन पार्टीला पेटीशिवाय गाऊन दाखवा म्हटल्यावर त्यांचा मुख्य गायक, साचेखात्यातला माणूस, पहिल्या ओळीलाच इतका वर चढला की पुढचे कडवे कोणाला झेपेना. सगळे हसले, तोही हसला. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण तिच्यातले दुखणे खरे आहे. बंदी घालणाऱ्यांनी आपल्याला डावलायचे म्हणून काही ती घातली नव्हती. बंदी घालताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतोच. आम्हाला हीच गोष्ट जास्त लागते.

मग आले केसकर. डॉ. बी. व्ही. केसकर १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते, मराठी माणूस. रेडिओवर शास्त्रीय संगीत वाजले पाहिजे, सिनेमाची गाणी नकोत, हा त्यांचा आग्रह. कलावंतांची ऑडिशन घेऊन त्यांना श्रेणी द्यायची पद्धत त्यांच्याच काळात पक्की झाली, त्यावरून मुंबईच्या कलावंतांनी ओरडही केली. सिनेमाची गाणी बंद झाल्यावर लोकांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला सुरू झाली की सबंध मजला एका खोलीच्या दारात. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसते असे नाही, एवढे यातून दिसते.

‘आकाशवाणी’ हा शब्दही पाहा. पुराणात आकाशवाणी व्हायची तेव्हा खालच्याने नुसती ऐकायची. उलट बोलायची सोय कंसालाही नव्हती.

रेडिओची ताकद केवढी, हे ज्याला पाहायचे असेल त्याने गीत रामायणाचा इतिहास बघावा. पुणे केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीत रामायण दर आठवड्याला एक गाणे याप्रमाणे वर्षभर चालले, एकूण ५६ गाणी. लोक सेटला हार घालायचे असे सांगतात. आम्हाला त्या गाण्यांचा द्वेष नाही, चाली गोडच आहेत. पण ते संपले एप्रिल १९५६ मध्ये, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला. एक वर्षभर दर आठवड्याला एक गाणे दिले तर एक कथा घराघरांत कायमची बसते, हे रेडिओने दाखवून दिले होते. आपल्या कथेला ते वर्ष कोणी दिले नाही. ती आपण वर्गणी काढून, मंडप घालून, भोंगे बांधून सांगितली.

६ डिसेंबरची बातमी मात्र रेडिओनेच आणली. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक सांगत की दुपारपर्यंत खरे-खोटे कळेना. ज्याच्याकडे सेट होता त्याच्या दारात माणसांचा ढीग. कोणी म्हणे सिलोन लावा, कोणी म्हणे दिल्ली लावा. काही घरांत रेडिओवर विश्वास बसला नाही, वर्तमानपत्राचा जादा अंक हातात आल्यावर बायकांनी हंबरडा फोडला.

आमच्या स्वतःच्या आठवणी १९७० नंतरच्या. तेव्हा मजल्यावर तीन-चार सेट झाले होते. मर्फी किंवा फिलिप्सचा, वर विणलेला रुमाल, खोलीभर तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली. पोस्टात लायसनचे पुस्तक घेऊन जायचे, तिकीट चिकटवून आणायचे. लायसनची ती पद्धत पुढे १९८० च्या दशकात गेली. सकाळी सातच्या पाळीची माणसे भोंग्यावर उठत, पण बायकांची कामे रेडिओवर चालत. अमुक गाणे लागले म्हणजे नळ जायची वेळ झाली. दुपारी ‘वनिता मंडळ’. ‘पुन्हा प्रपंच’ मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आमच्या मजल्यावर राहतात की काय असे वाटायचे. त्यांचे घर मात्र आपल्यासारखे नव्हते, हे पोरांनासुद्धा भाषेवरून कळायचे.

आणि मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’. हा खास आपल्यासाठीचा कार्यक्रम, संध्याकाळचा. गाणी, श्रुतिका, कामगार कायद्याची माहिती. अपघाताची भरपाई कशी मागावी, ईएसआयचे काय, हे पुष्कळांना पहिल्यांदा तिथे कळले. लोकगीते, पोवाडे तिथे हक्काने लागत. या कार्यक्रमाला आम्ही चांगलेच म्हणू. फक्त एक गंमत होती. गिरणीची दुसरी पाळी दुपारी साडेतीन ते रात्री बारा. म्हणजे कामगारांची सभा भरायची तेव्हा निम्मे कामगार साच्यांवर उभे. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे रेडिओ कुठला? कामगार सभा बहुतेक कामगारांच्या बायकांनी ऐकली, आणि रात्री जेवण वाढताना नवऱ्यांना सांगितली.

लोकसंगीताच्या दारातून आपली माणसे आत गेली, ती अशा कार्यक्रमांमुळे. शाहीर साबळे, ज्यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले, त्यांचा आवाज. नायगावात वाढलेले विठ्ठल उमप, ज्यांचा २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच शेवट झाला, त्यांचा आवाज. असे आवाज ऐकले की चाळीत कोणीतरी ओरडायचे, ‘आपला माणूस लागलाय!’ मग काम टाकून सगळे गॅलरीत. आपला माणूस ‘लागणे’ हा मोठा मान होता. ज्या कलेला गावात तमाशा म्हणून हिणवायचे, तिला सरकारी निवेदक अदबीने ‘लोककला’ म्हणत होता.

पण आत गेल्यावर काय झाले तेही सांगितले पाहिजे. जलसा रात्रभराचा. कव्वालीचा सामना तर सूर्य उगवला तरी संपत नाही. एक पार्टी प्रश्न टाकते, दुसरी उत्तर बांधते, मध्ये लोक पैसे लावतात, कोणी म्हातारा उठून सांगतो की हे चुकलं, महाडला असं झालं नव्हतं. श्रावण यशवंते, कृष्णा शिंदे, प्रल्हाद शिंदे यांना ज्यांनी मैदानात ऐकले त्यांनाच हे कळेल. रेडिओवर त्याची मिनिटे झाली. तबकडीवर तर तीन मिनिटे. प्रश्न गेला, उत्तर गेले, म्हातारा तर गेलाच. राहिले ते गाणे, सुरेख आणि एकटे. ज्याने ते फक्त रेडिओवर ऐकले त्याला वाटणार की भीमगीत म्हणजे भक्तिगीत. ते खरे तर वादविवाद आहे, चाल लावलेला. आमच्या मते रेडिओने आपल्या कलेला जे दिले त्याबरोबर हे एक काढूनही घेतले, आणि त्याची दखल आपल्या लिहिणाऱ्यांनी फारशी घेतलेली नाही.

सणांचेही तसेच. नरकचतुर्दशीला पहाटे रेडिओवर नरकासुराचे कीर्तन लागले की सगळी चाळ आंघोळीला उठायची. पंचांग कोणी पाहायचे नाही, रेडिओ हेच पंचांग. आषाढीला पंढरपूर घरात यायचे, टाळ-मृदंग, गर्दीचा गलबला, सगळे. १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला काय लागायचे? कोणा प्राध्यापकाचे भाषण आणि एखाद-दोन गीते. भाषण चांगले असायचे, नाही असे नाही. पण दिवाळी रेडिओवर घडायची आणि जयंतीबद्दल रेडिओवर बोलले जायचे, हा फरक आहे. जयंती जिथे घडायची तिथे आपले भोंगे होते, रात्री बाराला फटाके, निळे कंदील, लेझीम, आणि पहाटे पाचला खरखरणाऱ्या तबकडीवरची वंदना. पुढे १९८० नंतर कॅसेट आली आणि ऑडिशनचा प्रश्नच मिटला. ज्याच्याकडे चार पैसे आणि एक चाल होती त्याची कॅसेट निघाली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर कॅसेटींचे ढीग लागत, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. त्यात कचराही पुष्कळ होता. पण तो आपला आपण निवडत होतो.

दरम्यान दिल्लीत काय चालले होते ते थोडक्यात. रेडिओ सरकारच्या हातातून काढून स्वायत्त करा असे चंदा समितीने १९६६ साली सांगितले. कोणी ऐकले नाही. आणीबाणीत रेडिओ कोणाचे गाणे गात होता ते सर्वांना माहीत आहे. नंतर वर्गीस समितीने १९७८ मध्ये पुन्हा तेच सांगितले. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० ला आणि अमलात आला १९९७ ला. सात वर्षे नुसता कागद! पण या कायद्याचे १२ वे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. निरनिराळ्या संस्कृती आणि भाषांना पुरेसे स्थान द्यावे, सामाजिक न्याय वाढवावा, अस्पृश्यतेसारख्या दुष्ट गोष्टींशी लढावे, श्रमिक वर्गाच्या हक्कांचे रक्षण करावे, ही सार्वजनिक प्रसारणाची कामे म्हणून त्यात लिहिलेली आहेत. म्हणजे जयंतीला तासभर मागणे ही मेहेरबानी मागणे नव्हे. कायद्याने सांगितलेले काम करा म्हणणे आहे.

आणि ९ फेब्रुवारी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे याचा. त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी स्पष्ट लिहिले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती. बोले ठरावानंतर ७२ वर्षांनी हवेलाही तोच न्याय लागला, असे आम्ही मानतो. ठराव होणे आणि पाणी मिळणे यांत अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निकालाचा पहिला फायदा खाजगी कंपन्यांना झाला. एफएम आले, दिवसभर तीच सिनेमाची गाणी आणि जाहिराती. सामान्य लोकांच्या संस्थांना आपले छोटे केंद्र काढायची परवानगी मिळायला २००६ उजाडले.

ते पाणी प्रत्यक्ष कोणाला मिळाले ते आता सांगतो. आपल्या मराठवाड्याला लागून तेलंगणात जहीराबाद आहे, जुना निजामाचा मुलूख. त्याच्याजवळ पस्तापूर. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या आधाराने दलित शेतकरी बायकांनी गावोगाव संघ बांधले. बहुतेकींकडे एक-दोन एकर कोरडवाहू. या बायकांना १९९० च्या दशकाच्या शेवटी वाटले की आपला रेडिओ पाहिजे. युनेस्कोच्या मदतीने माचनूर गावात एक स्टुडिओ झाला. परवाना काही मिळेना. म्हणून काय त्या थांबल्या? जवळपास दहा वर्षे त्या कार्यक्रम रेकॉर्ड करत राहिल्या आणि संघाच्या बैठकीत कॅसेट लावून ऐकत-ऐकवत राहिल्या. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. उद्घाटनाला कोण होते? तेच न्यायमूर्ती सावंत. १०० वॅटचे यंत्र, आजूबाजूची गावे, संध्याकाळची वेळ, कारण तेव्हा बाया रानातून परत आलेल्या असतात. आमच्या दुसऱ्या पाळीची आठवण झाली. वेळ ठरवणारा ऐकणाऱ्यांतलाच असला की असा फरक पडतो.

केंद्र चालवणाऱ्या दोघींचेही नाव नरसम्मा. माइकवर त्यांचीच बोली, शहरी तेलुगू नाही. बी-बियाण्याची माहिती, औषधी पाला, सणाची गाणी, पेरणीची गाणी, म्हाताऱ्या बायांच्या गोष्टी. ऑडिशन नाही. ज्याला गाणे येते त्याने यावे. आमच्या वाचनात आले तेव्हा आम्ही ते पान दोनदा वाचले. मुंबईसारख्या शहरात राहून, युनियन चालवून, इतकी मंडळे काढून आपल्याला जे सुचले नाही ते त्या कोरडवाहू बायांनी करून दाखवले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी बायकांचे केंद्र त्याच सुमारास निघाले. गिरणगावात मात्र ज्या जागी चिमण्या होत्या तिथे टॉवर उभे राहिले, त्यांच्यावर अँटेना पुष्कळ, आपली एकही नाही.

केंद्र काढणे खर्चाचे काम आहे, परवान्याची कटकट आहे, आपल्या विहाराला ते आज झेपणारे नाही, हे आम्ही जाणतो. पण माचनूरच्या बायांनी परवान्याच्या आधी दहा वर्षे जे केले ते झेपणारे आहे. गी पॉयटवां आणि हेमा राईरकर या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, ज्या बायांनी कधी पुस्तक हातात धरले नाही त्यांनी रचलेल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर ऐकता येतात. आमच्या मुलीने मोबाइलवर लावून दिल्या, तेव्हा आमची मोठी वहिनी म्हणाली, ‘ह्या तर आमच्या आईच्या.’ त्याच नव्हत्या, पण तशाच होत्या.

आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, तेव्हापासून वेळ आहे. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही तिघे-चौघे रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या मागच्या खोलीत बसतो आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडून गाणी भरून घेतो. मोबाइलवरच. सुरुवातीला बायका लाजत होत्या, ‘आमचं काय गाणं’ म्हणत होत्या. एका आजीला ओवी काही केल्या आठवेना. जात्याशिवाय येत नाही म्हणाल्या. मग त्यांनी खुर्चीतच उजवा हात जात्यासारखा फिरवायला घेतला, आणि एकामागून एक अकरा आल्या. आतापर्यंत ४३ ओव्या, ९ पाळणे आणि एक अर्धा पोवाडा झाला आहे. पोवाड्याचा पुढचा अर्धा ज्यांना येत होता ते गृहस्थ गेल्या पावसाळ्यात वारले, त्यांच्या भावाला थोडा येतो असे कळते, त्यांना गावाहून बोलावले आहे. ज्यांच्या घरी जुनी कॅसेट, जलशाची वही, शाईने लिहिलेले सवाल-जवाब असतील त्यांनी ते घेऊन यावे, आम्ही उतरवून परत देऊ. रविवारी सकाळी दहानंतर केव्हाही या. गाणे भरताना पंखा बंद ठेवावा लागतो, तेवढे सोसावे.